एकशेवीस ओक आणि एक टिटवी

मुलांनो, जरा डोळे मिटा पाहू. डोळे मिटले तर वाचायचं कसं, असं विचारणारा एक तरी प्रत्येक वर्गात असतोच. त्याने अर्धेच मिटावेत.

आता डोळ्यांसमोर एक महामार्ग आणा. त्यावरून टोमॅटोचे, दुधाचे, बदामाचे ट्रक दिवसभर पळताहेत. कडेला ओकची चाळीस जुनी झाडं उभी करा. झाडांमागे शाळेचं मैदान, मैदानामागे शाळा. झालं? छान. आता ती चाळीसही झाडं पुसून टाका. चार पदरी रस्ता सहा पदरी झाला, म्हणून ती गेली. आता ट्रकचा आवाज वर्गात येतो, धूळ मैदानात येते, आणि मैदानातली मुलं ग्रंथालयात जाऊन बसतात.

आमच्या टॉमलिन गावात नेमकं हेच झालं. आमच्या कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात शाळेच्या दारावर रोज सकाळी हवेचा झेंडा लावतात. हिरवा असेल तर खुशाल खेळा, पिवळा असेल तर जपून, नारिंगी किंवा लाल असेल तर नाजूक छातीच्या मुलांनी आतच बसायचं. आता चौथीत असलेली इनेझ क्विंतेरो अशा मुलांपैकी. तिला बेसबॉलमध्ये यष्टिरक्षकासारखं मागे उकिडवं बसून चेंडू झेलायचा असतो. त्या वर्षी तिने ग्रंथालयातली डायनोसॉरची सगळी पुस्तकं दोनदा वाचून संपवली.

आमच्या राज्याची एक बरी रीत आहे. रस्ता बांधताना निसर्गाचं जे नुकसान होतं, ते बांधणाऱ्याने भरून द्यायचंच असतं. पण त्याच्यावर आणखी काही चांगलं एखाद्या गावाला करायचं असेल, झाडं लावायची असतील, ओढा सुधारायचा असेल, तर सरकार अनुदान देतं. "फक्त एक अर्ज करायचा," असं मी शाळेच्या सभेत म्हणालो. उत्तर पक्कं माहीत असल्याशिवाय हात वर करू नका, हे मी चौतीस वर्षं चौथीच्या मुलांना शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर पहिल्याच सभेत स्वतः हात वर केला.

सभेनंतर इनेझ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अल्वरनाझ सर, झाडं कधी लागतील?"

"पुढच्या वसंतात."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. शिक्षकाने मुलाला दिलेला शब्द म्हणजे काय असतं, ते मोठ्या माणसांना कळत नाही. मुलांना कळतं.

अर्ज पहिल्यांदा परत आला, कारण मी जोडलेल्या नकाशावर उत्तर दिशेचा बाण नव्हता. हे वाचून हसू नका. मी चौतीस वर्षं फळ्यावर उत्तर दिशेचा बाण काढला आहे. बाण विसरणाऱ्या मुलाचे मी दोन गुण कापत असे. माझ्या बायकोने, लॉर्नाने, त्या संध्याकाळी फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाने एक मोठा बाण लावला. तो उत्तरेकडे होता, हेही तिने होकायंत्राने तपासलं होतं.

दुसऱ्यांदा अर्ज परत आला, तेव्हा एक झाड चाळीस वर्षांत हवेतला किती कार्बन धरून ठेवेल, ते मी लिहिलं नव्हतं. तिसऱ्यांदा, झाडं लावायची ती रस्त्याकडेची पट्टी कोणाच्या मालकीची, याचा पुरावा नव्हता. शोध घेतला तेव्हा कळलं, की पट्टी शाळेची आहे, पण तिच्या कडेला अकरा फूट रुंदीचा एक तुकडा कालवा मंडळाचा आहे. मंडळाच्या बाईंना फोन केला. "आमचा?" त्या आश्चर्याने म्हणाल्या. "अहो, आम्हाला तर माहीतच नव्हतं." आणि लगेच आवाज बदलून, "पण आमचाच आहे बरं का. मंडळाच्या सभेशिवाय तिथे काडीसुद्धा रोवायची नाही."

चौदा महिन्यांनी अनुदान मंजूर झालं. अट एकच. एकशेवीस ओकची रोपं जमिनीत आणि त्यांच्यापर्यंत पाणी, हे सारं तीस एप्रिलच्या संध्याकाळी पाचच्या आत. त्या दिवशी राज्याच्या मिस पेट्रोसियन पाहणीला येणार. पाच वाजून एक मिनिटाने ते अनुदान दुसऱ्या कुठल्या तरी गावाकडे जाईल. रोपं भाड्याच्या पुस्तकासारखी रोपवाटिकेला परत द्यायची.

आता माझ्या मदतनिसांची ओळख करून देतो. म्हणजे एकाच मदतनिसाची. मेल्विन बोर्बा, शेजारचा. चाळीस वर्षं गाई पाळल्या, आता गाई विकल्या, ट्रॅक्टर आणि सल्ले राहिले. ट्रॅक्टर मागितला तरच देतो.

"मास्तर," फेब्रुवारीच्या चिखलात उभा राहून तो म्हणाला, "पाइपांचा ट्रक इथे रुतणार. नळाजवळ खडी टाकली पाहिजे."

"नकाशात खडी नाही, मेल्विन."

"नकाशात चिखल आहे का?"

मेल्विनने शाळेच्या नळापासून पट्टीपर्यंत बारीक करडी खडी अंथरली. छान दिसत होती. त्या खडीबद्दल पुढे बोलूच.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सारं गाव फावडी घेऊन आलं. नकाशात स्पष्ट लिहिलं होतं, की झाडं रानात उगवल्यासारखी विखुरलेली हवीत. रान ओळीत उगवत नाही. मी कॉफीच्या टेबलापाशी नावं लिहून घेत बसलो आणि दोन तासांनी मागे वळून पाहिलं. एकशेवीस खड्डे, बावीस बावीस फुटांवर, दोरी धरून खणलेले, तिरपं पाहिलं तरी सरळ रेषेत. आमच्या गावात बहुतेक घरी बदामाची बाग आहे. या माणसांच्या हाताला वाकडं झाड लावताच येत नाही.

"अरे, हे रान आहे! रान!" मी ओरडलो.

"सुंदर आलंय की," मेल्विन म्हणाला. "पुढच्या वर्षी ट्रॅक्टर सहज जाईल मधून."

खड्डे बुजवले. पुन्हा सुरुवात. कुठे खणायचं ते ठरवायला मेल्विनने डोळे मिटून पाठीमागे टोपी फेकायचं कबूल केलं. टोपी पडेल तिथे खड्डा. पंधरा वेळा टोपी फेकल्यावर मी मोजून पाहिलं, तर टोपीसुद्धा बावीस फुटांवर पडत होती. शेवटी टोपी इनेझने फेकली. तिच्या हाताला बदामाची सवय नव्हती. सतरा एप्रिलला सगळी रोपं जमिनीत गेली, आणि लॉर्नाला दोन महिन्यांनी पहिल्यांदा, रोपांनी अडवलेलं आपल्या गॅरेजचं दार उघडता आलं.

उरलं होतं फक्त पाणी. नळापासून पट्टीपर्यंत चर खणायचा, पाइप टाकायचा, बुजवायचा. मेल्विनच्या चर खणायच्या यंत्राने चार तासांचं काम. आमच्या हातात बारा दिवस होते. मी शांत होतो. मुलांनो, आपण शांत आहोत असं वाटलं, की पुन्हा एकदा मोजून पाहावं.

अठरा एप्रिलला सकाळी मी चुन्याने चराची रेघ आखायला गेलो. माझ्या पायापासून दहा फुटांवर एक पक्षी किंचाळला. टिटवी. गळ्यात दोन काळे पट्टे, एक पंख मोडून लोंबतोय, आणि ती बिचारी खडीवरून फरपटत पळते आहे. माझं काळीज तुटलं. मी अंगातला स्वेटर काढला आणि तिला हळूच उचलायला पुढे झालो. ती चार पावलं पुढे. मी चार पावलं पुढे. असं करत करत, हातात स्वेटर पसरून, कमरेत वाकून, मी ते सारं मैदान पार केलं. चौथीचा वर्ग खिडकीतून बघत होता. मैदानाच्या टोकाला पोचल्यावर टिटवीने दोन्ही पंख व्यवस्थित पसरले आणि उडून गेली.

खिडकीतून टाळ्या आल्या.

इनेझ बाहेर आली. त्या दिवशी झेंडा हिरवा होता. "सर, ती नाटक करते. घरट्यापासून लांब नेते. म्हणजे घरटं तुम्ही जिथून निघालात तिथे आहे."

"मला माहीत होतं," मी स्वेटर घालत म्हणालो. चौतीस वर्षांत मी मुलांशी इतकं धडधडीत खोटं बोललो नव्हतो.

घरटं म्हणजे खडीतला एक खळगा. चार ठिपकेदार अंडी, हुबेहूब खडीच्याच रंगाची. टिटवीला अंडी घालायला अशीच जागा लागते. फेब्रुवारीत आम्ही तिच्यासाठी घर बांधलं होतं, आणि एप्रिलमध्ये ती राहायला आली. अगदी चुन्याच्या रेघेवर.

कराराचं अकरावं कलम मी पाठ म्हणून दाखवू शकतो. फेब्रुवारी ते ऑगस्टमध्ये नांदतं घरटं आढळलं, तर काम थांबवायचं, साठ फुटांचं कडं घालायचं, आणि पक्षीतज्ज्ञाला बोलवायचं. पक्षीतज्ज्ञ आला. मोठी हॅट, लहान आवाज. दुर्बिणीतून बराच वेळ पाहून म्हणाला, "अंडी साधारण तेरा-चौदा दिवसांची असतील. पंचवीस-सव्वीस दिवसांची झाली की फुटतात."

"म्हणजे आणखी?"

"बारा दिवस. एखादा दिवस इकडे तिकडे."

अठरा आणि बारा. तुम्हीच करा बेरीज.

"पिल्लं अंड्यातून निघाली की दिवसभरात पळायला लागतात," तो पुढे म्हणाला. "मादी उठून गेली की घरटं संपलं. पण ती गेली, हे कोणीतरी बघून, वेळ टाकून लिहायला हवं. तो कागद फाइलला लागेल. मला रोज यायला जमणार नाही."

"मी लिहीन," इनेझ म्हणाली. मी तिला त्याच महिन्यात निरीक्षणाची वही कशी ठेवायची ते शिकवलं होतं, शाळेत मंगळवारी जातो ना, तेव्हा. काय वाटलं ते लिहायचं नाही, काय दिसलं तेवढंच लिहायचं. मीच सांगितलं होतं. शब्दाशब्दाला.

मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं, घरटं फावड्यावर घेऊन दहा फूट सरकवा. (गुन्हा.) कोणी म्हणालं, पाइप वळसा घालून न्या. वळसा त्या अकरा फुटांतून जात होता. कालवा मंडळाच्या बाई म्हणाल्या, "जरूर. पुढची सभा मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी." मी मिस पेट्रोसियन यांना फोन करून चार दिवसांची मुदत मागितली.

"मिस्टर अल्वरनाझ, मला तुमचं दुःख कळतं," त्या म्हणाल्या. "पण तारीख मी ठरवलेली नाही. आणि घरट्याचा नियमही नाही."

"दोन्ही नियम तुमच्याच खात्याचे आहेत."

"हो ना," त्या उसासून म्हणाल्या. "दोन्ही चांगले आहेत, हीच तर पंचाईत आहे."

मेल्विनचा सल्ला सर्वांत थोडक्यात होता. कुंपणाशी उभा राहून तो हळूच म्हणाला, "मास्तर, माझं यंत्र जुनं आहे. मागे घेताना कधीकधी भलतीकडे जातं."

मी त्याच्याकडे पाहिलं. खरं सांगतो, लगेच नाही म्हणालो नाही. त्या क्षणापासून माझी झोप गेली. एकीकडे एकशेवीस रोपं, पाण्याची वाट बघत असलेली, दुसरीकडे चार अंडी. आणि मधे मी, ज्याने एका मुलीला 'नक्की' म्हटलं होतं.

"झाडं मोठी होईपर्यंत ही पोरगी कॉलेजात जाईल, मास्तर," मेल्विनने समजूत घातली. "तिला काय फरक पडतो?"

इनेझ कड्याबाहेर वही घेऊन बसली होती. तिने ऐकलं. "माझा भाऊ बालवाडीत आहे," ती म्हणाली. "त्याची छातीपण माझ्यासारखीच आहे." आणि पुन्हा दुर्बीण डोळ्याला लावली. मेल्विन त्या दिवशी घरी लवकर गेला.

पंचवीस तारीख. बसलेली आहे. सव्वीस. बसलेली आहे. सत्तावीसला मेल्विनने आपल्या कुत्र्याच्या दोरीला दोन दोन गाठी मारून त्याला घरीच बांधलं, कोणी न सांगता. अठ्ठावीसला झेंडा नारिंगी झाला, तेव्हा इनेझ ग्रंथालयाच्या खिडकीतून बघत राहिली, आणि चौथीच्या मुलांनी खुर्च्या सरकवून तिला जागा करून दिली. एकोणतीस. काही नाही.

तीस तारखेला सकाळी साडेआठला तीन पिल्लं खडीवर पळत होती. कापसाच्या गोळ्यांना काड्या लावाव्यात तशी. शाळेने झेंडा लावला. हिरवा. साऱ्या वर्गाने आरडाओरड केली. मेल्विनने यंत्र सुरू करून गरम करायला ठेवलं. पाइप मांडले. मी घड्याळ पाहिलं. पाचला संपवायचं तर एक वाजता सुरुवात झालीच पाहिजे.

पण टिटवी उठेना. चौथं अंडं तिच्याखाली होतं.

दहा वाजले. अकरा. एक पिल्लू आईच्या पोटाखाली शिरून परत बाहेर आलं. बारा. मी पक्षीतज्ज्ञाला फोन केला. "बसली आहे तोवर घरटं नांदतं," तो म्हणाला. "कधी कधी एखादं अंडं मागे राहतं. ती सोडून देईल, कदाचित तासात, कदाचित उद्या."

पावणेएकला मिस पेट्रोसियन आल्या. पांढरी गाडी, हातात कागद लावलेली फळी. त्यांनी झाडं पाहिली, नीट, एकेक. "विखुरलेली आहेत," त्या कौतुकाने म्हणाल्या. "फार थोड्यांना जमतं हे." मग त्यांनी पाइपांकडे पाहिलं, चुन्याच्या रेघेकडे पाहिलं, आणि घड्याळाकडे. 

एकला दोन मिनिटं कमी असताना मेल्विन यंत्रावरून उतरला आणि इनेझच्या बाजूला येऊन गुडघे टेकून बसला. "पोरी, लिही ना, गेली म्हणून. पाच-दहा मिनिटांत जाणारच आहे ती. मी हळू चालवीन, देवाशपथ."

इनेझने माझ्याकडे पाहिलं.

मुलांनो, इथे मी तुम्हाला माझ्याविषयी काहीतरी चांगलं सांगायला हवं होतं. पण मी तिच्याजवळ गेलो, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "इनेझ, तीन पिल्लं तर निघालीच. म्हणजे... जवळजवळ गेल्यासारखीच आहे, नाही का?"

जवळजवळ. मी चौतीस वर्षं लाल शाईने तो शब्द खोडत आलो आहे.

तिने दुर्बिणीतून पाहिलं. वहीत लिहिलं. मग वही माझ्यासमोर धरली, गृहपाठ तपासायला धरतात तशी. '१ वाजून १ मिनिट. पक्षी बसलेला आहे.'

मेल्विनने टोपी काढली आणि डोकं खाजवलं. मग उठला आणि जाऊन यंत्र बंद केलं. एवढी शांतता झाली, की महामार्गावरचे ट्रक पुन्हा ऐकू यायला लागले. माझे कान तापले होते. ते कशाने, ते तुम्हाला कळलं असेल.

"बाई," मी मिस पेट्रोसियनना म्हणालो, कारण काहीतरी बोलणं भाग होतं, "तो पाण्याचा प्रश्न वाचून दाखवता का? नेमके शब्द?"

त्यांनी कागद उलटला. "'प्रत्येक झाडापर्यंत पाणी पोचलं आहे का? हो, नाही.'"

"कशाने पोचलं, ते?"

त्यांनी पुन्हा वाचलं. मग कागदाची मागची बाजू पाहिली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. "ते विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पाइप तुम्हाला नंतर टाकावाच लागेल, मिस्टर अल्वरनाझ. पण आज..." त्यांनी घड्याळ पाहिलं. "आज मी पाचपर्यंत इथेच आहे."

मी वळलो तर इनेझची जागा रिकामी होती. दुर्बीण आणि वही तिने मिस पेट्रोसियनच्या हातात दिली होती. "तुम्ही बघत राहा," ती जाता जाता म्हणाली होती, "दर पाच मिनिटांनी लिहायचं. दिसलं तेवढंच."

ती सफाईवाल्या काकांच्या खोलीतली फरशी पुसायची पिवळी बादली घेऊन निघाली. नळापाशी भरली, अर्धीच, कारण पूर्ण भरलेली तिला उचलत नव्हती. मग साठ फुटांच्या कड्याबाहेरून, बेसबॉलच्या चौकोनाला वळसा घालून, दोन ठिकाणी थांबून दम घेत, ती पट्टीपर्यंत गेली. पहिल्या झाडाच्या आळ्यात पाणी ओतलं. पाणी मुरेपर्यंत तिथेच उभी राहिली, खात्री करून घ्यायला.

मग शाळेकडे तोंड करून, दोन्ही हात तोंडापाशी धरून, ती चौथीच्या खिडकीकडे ओरडली, "एक झालं! एकशेएकोणीस राहिलीत! बादल्या घेऊन या, आणि टिटवीच्या बाजूने कोणी पळायचं नाही!"